जवसाचे तेल घेऊनही ट्रायग्लिसराइड का उतरले नाही?

पत्र: माझे वय ५८ आहे. आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे कारण कळल्याशिवाय कोणतीही गोष्ट पटत नाही. चार महिन्यांपूर्वी रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातला मेद, ३१० आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८ आले. मी मासे खात नाही, म्हणून लोणी बंद केले आणि त्याऐवजी रोज दोन चहाचे चमचे जवसाचे तेल घेऊ लागले, कारण त्यात भरपूर ओमेगा-३ असते असे सगळीकडे वाचले होते. बाकीचा आहार पूर्वीचाच आहे. सकाळी मोठा पेलाभर फळांचा रस आणि दोन वेळचे साधे जेवण. परवा पुन्हा तपासणी केली. एलडीएल १३६ वर आले, ट्रायग्लिसराइड मात्र ३०४. असे का झाले? एक नातेवाईक म्हणतात, सूर्यफुलाच्या तेलातले ओमेगा-६ हे विषच आहे, ते ओमेगा-३ला काम करू देत नाही, बाटली फेकून द्या. मैत्रीण म्हणते, ओमेगा-३-६-९ च्या कॅप्सूल घे. कोणाचे ऐकू?

उत्तर:

ताई, सादर नमस्कार.

आपण आकडे आणि आहार दोन्ही नेमकेपणाने लिहून पाठवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपल्या तपासणीत चूक नाही आणि जवसाच्या तेलातही खोट नाही. ‘ओमेगा-३’ हे एका पदार्थाचे नाव आहे असे समजून आपण ते घेतलेत, घोटाळा एवढाच आहे. प्रत्यक्षात ते आडनावासारखे आहे. एकाच घरातली माणसे वेगवेगळी कामे करतात, तसे हे रेणूही करतात. आपल्याला जे काम हवे होते, ते करणारे रेणू जवसाच्या तेलात नाहीत. आपण गणिताच्या शिक्षिका आहात, म्हणून हे कागदावर मांडूनच सांगतो.

एका कोऱ्या कागदावर आडव्या ओळीत १८ ठिपके काढा आणि ते रेषेने जोडा. प्रत्येक ठिपका म्हणजे कार्बनचा एक अणू. डावीकडचे टोक हे आम्लाचे टोक. रेणू याच टोकाने ग्लिसरॉलला, म्हणजे मेदाच्या कण्याला, जोडला जातो. उजवीकडचे टोक म्हणजे शेपूट, आणि ग्रीक वर्णमालेतील शेवटच्या अक्षरावरून तिला ‘ओमेगा’ म्हणतात. सगळ्या ठिपक्यांमध्ये एकेरीच रेषा असेल, तर ते स्टिअरिक आम्ल, म्हणजे संपृक्त मेदाम्ल झाले. आता उजवीकडून मोजत नवव्या आणि दहाव्या ठिपक्यांमध्ये दुहेरी रेषा काढा, म्हणजे ओलेइक आम्ल तयार होईल, हे ओमेगा-९. त्यातच सहाव्या आणि सातव्या ठिपक्यांमध्ये आणखी एक दुहेरी रेषा काढली, की लिनोलेइक आम्ल होते. हे ओमेगा-६, सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात मुख्यतः हेच असते. तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्यांमध्येही दुहेरी रेषा काढा, की अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे एएलए झाले. जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग या एएलएचा असतो.

चारही रेणूंत कार्बन १८ च आहेत, फरक फक्त दुहेरी बंधांचा आहे; पण हा फरक क्षुल्लक नाही. नैसर्गिक तेलांत प्रत्येक दुहेरी बंधापाशी साखळी सुमारे ३० अंशांनी वाकते. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची बांधता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते, ओलेइक आम्ल १३ अंशांच्या आसपास, लिनोलेइक आम्ल उणे ५ ला आणि एएलए उणे ११ ला. फ्रिजमध्ये लोण्याचा गोळा दगडासारखा घट्ट होतो, त्याच कप्प्यात ठेवलेले जवसाचे तेल मात्र बाटली कलती करताच वाहते. हीच वाकडी-तिकडी रचना पेशीच्या आवरणात जाऊन बसते तेव्हा आवरण लवचीक राहते. आणि साखळी कुठे व किती वाकली आहे हे ओळखूनच शरीरातील विकर, म्हणजेच एन्झाइम, तिला हाताळतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. आपले शरीर या साखळीत जे काही बदल करते, ते डावीकडून, आम्लाच्या बाजूने करते. तेथे दोन-दोन कार्बन जोडून ते साखळी लांबवते आणि त्याच बाजूला नवे दुहेरी बंध घालते. उजव्या शेपटीकडे नवा बंध घालणारे विकर माणसाकडे नाहीतच. म्हणून ओमेगा-६ चे ओमेगा-३ कधीच होत नाही, आणि ही दोन्ही मूळ मेदाम्ले आहारातूनच घ्यावी लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ आणि १९३० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की मेद अजिबात न देता वाढवलेल्या उंदरांची वाढ खुंटते, त्वचा खवल्यांसारखी होते, आणि विशिष्ट मेदाम्ल दिले की ते सुधारतात. तोवर मेद म्हणजे नुसता ऊर्जेचा साठा अशीच समजूत होती. ओलेइक आम्ल मात्र शरीर स्वतः बनवू शकते, कारण स्टिअरिक आम्लाच्या बरोबर मध्यावर, दोन्ही टोकांकडून नवव्या जागी, बंध घालणारा विकर आपल्याकडे आहे. यातच आपल्या मैत्रिणीच्या कॅप्सूलचे उत्तर आले: त्यातील ‘९’ शरीरातच तयार होते, ‘६’ आपल्या स्वयंपाकाच्या तेलात आहे, आणि ‘३’ साठी घ्यायचीच असेल तर फक्त ‘३’ ची घ्यावी. त्या कॅप्सूलवर पैसे खर्चू नका.

पुन्हा कागदाकडे वळू. एएलएच्या डाव्या बाजूला एक दुहेरी बंध वाढवा, मग डावीकडेच दोन ठिपके जोडा, मग आणखी एक दुहेरी बंध घाला. आता २० कार्बन आणि ५ दुहेरी बंधांची साखळी तयार झाली. तिचे नाव ईपीए. तिला अजून लांबवली, की २२ कार्बन आणि ६ दुहेरी बंधांचे डीएचए मिळते. ही शेवटची पायरी मोठी आडवळणाची आहे: शरीर साखळी आधी २४ कार्बनांपर्यंत वाढवते, तेथे सहावा बंध घालते, आणि मग पेशीतील पेरॉक्सिझोम नावाच्या छोट्या कोशात नेऊन तिचे दोन कार्बन कापून टाकते. मेंदूच्या आणि डोळ्यातील दृष्टिपटलाच्या पेशींत डीएचए ठासून भरलेले असते, तरी ते घडवण्याचा रस्ता इतका लांबचा आहे.

या रस्त्यावर पहिल्याच पायरीला खोळंबा होतो. पहिला नवा बंध घालणारा विकर एएलए आणि लिनोलेइक आम्ल या दोघांनाही तोच लागतो, आणि सर्वसाधारण आहारात लिनोलेइक आम्ल कितीतरी पटींनी जास्त असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एएलएचा बराचसा भाग या रांगेत येतच नाही. शरीर तो सरळ इंधन म्हणून जाळून टाकते. परिणामी खाल्लेल्या एएलएपैकी थोडेच टक्के ईपीएपर्यंत पोहोचतात आणि डीएचएपर्यंत तर त्याहूनही कमी. तरुण स्त्रियांत हे रूपांतर काहीसे अधिक होते, पण आपल्या वयात त्यावर भिस्त ठेवू नये. आपले दोन चमचे म्हणजे सुमारे ९ ग्रॅम तेल, त्यातले एएलए सुमारे ५ ग्रॅम. त्यातून निघणारे ईपीए फार तर काही शे मिलिग्रॅम, आणि तेही उदार हिशेबाने.

ट्रायग्लिसराइड कमी करण्याचे काम २० आणि २२ कार्बनांच्या या लांब साखळ्यांचे आहे. रक्तातील ट्रायग्लिसराइडचा मोठा भाग यकृतातून येतो. जेवणातील जास्तीची साखर, विशेषतः फ्रुक्टोज, यकृत मेदाम्लांत बदलते. तीन मेदाम्ले एका ग्लिसरॉलवर बसवते. आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात पाठवते. ईपीए आणि डीएचए या साखळीत अनेक ठिकाणी हात घालतात. मेदाम्ले बनवणाऱ्या जनुकांना चालू करणारा एसआरईबीपी-१सी नावाचा प्रथिन-नियंत्रक ते मंदावतात. मेद जाळणाऱ्या जनुकांना जागे करणारा पीपीएआर-अल्फा ते चेतवतात. ग्लिसरॉलवर तिसरे मेदाम्ल बसवणाऱ्या विकराला या वाकड्या साखळ्या नीट हाताळता येत नाहीत, त्यामुळे बांधणीच कमी होते. आणि जे कण रक्तात येतात, तेही लवकर साफ होतात. दिवसाला सुमारे ४ ग्रॅम ईपीए आणि डीएचए दिल्यास, २०० ते ४९९ या पातळीतील ट्रायग्लिसराइड साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरते. ग्रॅमवारी जास्त घेतले तरी एएलएकडून हे घडत नाही. आपल्या ३१० चे ३०४ झाले. एवढा फरक तर एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या तपासण्यांतही पडतो.

मग एलडीएल का उतरले? त्याचे श्रेय लोणी थांबवण्याला आणि तेलाला, दोघांनाही द्या. संपृक्त मेदाम्लांची जागा अनेक दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांनी घेतली, की यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राही (रिसेप्टर) वाढतात आणि रक्तातील एलडीएल उचलले जाते. येथे एएलए आणि लिनोलेइक आम्ल दोन्ही उपयोगी पडतात. म्हणजे आपली चार महिन्यांची मेहनत वाया गेलेली नाही. ती एका आकड्यावर लागू पडली, दुसऱ्यावर पडली नाही.

यावरून आपल्या नातेवाइकांच्या म्हणण्याकडे येतो. हा विचार आजकाल फार पसरला आहे आणि त्यातून लोकांचे नुकसान होताना मी पाहिले आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. त्यांच्या बोलण्याला आधार असा आहे, की लिनोलेइक आम्लापासून शरीरात २० कार्बनांचे ॲराकिडॉनिक आम्ल बनते, आणि त्यापासून दाह वाढवणारे व रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) एकत्र आणणारे काही रेणू बनतात. या रेणूंच्या शोधासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ईपीएपासून बनणारे तसेच रेणू बरेच सौम्य असतात, हेही खरे. पण येथून ‘सूर्यफुलाचे तेल विष’ इथवर उडी मारता येत नाही. लिनोलेइक आम्ल जास्त खाल्ले म्हणून पेशींतील ॲराकिडॉनिक आम्ल त्या प्रमाणात वाढत नाही, कारण शरीर हे रूपांतर आवळून धरते. शिवाय ॲराकिडॉनिक आम्ल हा काही शत्रू नव्हे; जखमेतून वाहणारे रक्त थांबण्यासाठीही त्याच्यापासून बनलेला रेणूच धावून येतो. रांगेत ओमेगा-६ अडथळा करते ही गोष्ट खरी असली, तरी तिच्यावरचा उपाय तेल फेकणे हा नाही. ईपीए आणि डीएचए थेट घेतले, की रांगेचा प्रश्नच उरत नाही. बाटली फेकून पुन्हा लोण्याकडे वळलात, तर उतरलेले एलडीएल परत चढेल. बाटली राहू द्या. तेल मोजून वापरा, एवढेच.

आपण मासे खात नसलात तरी ईपीए आणि डीएचए मिळू शकते. मासेदेखील ते मुख्यतः सूक्ष्म शैवालांपासून, अन्नसाखळीतून मिळवतात, आणि त्याच शैवालापासून काढलेले तेल कॅप्सूलमध्ये मिळते. मात्र कोणतीही बाटली घेताना तिची पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. माशाच्या तेलाच्या एका नेहमीच्या कॅप्सूलवर ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम लिहिलेले असते. मागे बारीक अक्षरांत पाहिले तर ईपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे कामाचे ३०० मिलिग्रॅम, बाकीचे नुसते तेल. अशा कॅप्सूलमधून ४ ग्रॅम गाठायचे तर रोज १३ हून अधिक घ्याव्या लागतील. भागाकार आपल्याला सांगायला नको.

रेणूची मांडणी पचनातही आडवी येते. जेवणातील मेद म्हणजे ग्लिसरॉलच्या तीन दांड्यांवर बसलेली तीन मेदाम्ले. स्वादुपिंडातून येणारा लायपेज हा विकर वरच्या आणि खालच्या दांडीवरचे मेदाम्ल कापतो आणि मधले तसेच ठेवतो. त्या रूपात ते आतड्यात शोषले जाते. पण ईपीए आणि डीएचए यांच्यात एक दुहेरी बंध डाव्या टोकाच्या अगदी जवळ असतो, ईपीएमध्ये पाचव्या कार्बनपाशी आणि डीएचएमध्ये चौथ्या. कात्री जेथे लावायची त्याच्या शेजारीच साखळी वाकलेली असल्याने लायपेजला तेथे कापणे अवघड जाते. काही संहत, म्हणजे ओमेगा-३ चे प्रमाण वाढवलेल्या, तेलांत ही मेदाम्ले ग्लिसरॉलऐवजी अल्कोहोलला जोडलेली, म्हणजे इथाइल एस्टरच्या रूपात असतात; ती आणखी हळू कापली जातात. जेवणात मेद असेल तर पित्त आणि लायपेज भरपूर स्रवतात आणि ही अडचण पुष्कळ कमी होते. म्हणून अशी कॅप्सूल उपाशीपोटी पाण्याबरोबर घेणे म्हणजे तिचा मोठा भाग वाया घालवणे होय. ती दिवसातल्या मुख्य जेवणाबरोबरच घ्यावी.

एवढे वाचून आपण ४ ग्रॅमचा कोर्स स्वतःच सुरू कराल अशी मला भीती वाटते, म्हणून आग्रहाने सांगतो: तसे करू नका. ही मात्रा आहाराची नाही, औषधाची आहे. तिने अनियमित ठोक्यांचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर अधिक सावध राहावे लागते. आकडा उतरला म्हणजे हृदय वाचलेच असेही नाही. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ८,१७९ रुग्णांना शुद्ध ईपीएचे इथाइल एस्टर रोज ४ ग्रॅम देऊन केलेल्या ‘रिड्यूस-इट’ चाचणीत हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी घटल्या. १३,०७८ रुग्णांच्या ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत ईपीए आणि डीएचए एकत्र, तितक्याच मात्रेत दिले. ट्रायग्लिसराइड उतरले, पण हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. पहिल्या चाचणीत तुलनेसाठी दिलेले खनिज तेल निरुपद्रवी होते का, यावर अजून वाद आहे. माझे मत असे, की ३०० च्या पातळीवर, हृदयाचा विकार नसताना, औषधी मात्रेतील ओमेगा-३ हा पहिला उपाय होत नाही.

पहिला उपाय आपल्या पत्रातच आहे: सकाळचा रस. पेलाभर रसात तीन-चार फळांची साखर असते, चोथा नसतो, आणि रिकाम्या पोटी ती सरळ यकृताकडे जाते. यकृत तिचेच ट्रायग्लिसराइड बनवते. ईपीए जो कारखाना मंद करते, त्याला कच्चा माल आपण रोज सकाळी पुरवत आहात. रस बंद करा, त्या जागी एक सबंध फळ खा. मद्य घेत असाल तर तेही थांबवा. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्क्यांनी उतरल्यावर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्क्यांनी घटते. एवढा परिणाम पुष्कळ कॅप्सूलना साधत नाही. डॉक्टरांना थायरॉइड आणि मधुमेह तपासायला सांगा, कारण या दोन्हींत ट्रायग्लिसराइड वाढते, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी त्यांना दाखवा. आकडा ५०० च्या वर गेला तर मात्र वेळ घालवू नका, कारण तेथून पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो. तीन महिन्यांनी १२ तास उपाशी राहून पुन्हा तपासणी करा, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.

जवसाचे तेल बंद करण्याचे कारण नाही, पण ते कशाच्या तरी ऐवजी घ्या, वरून जास्तीचे नको. दोन चमच्यांतून ८० च्या आसपास उष्मांक जातात. ते तापवू नका. दोन दुहेरी बंधांच्या मधला कार्बन प्राणवायूला सहज बळी पडतो. लिनोलेइक आम्लात असा एकच कार्बन असतो, एएलएमध्ये दोन आणि डीएचएमध्ये पाच, म्हणून रेणू जितका अधिक वाकलेला तितका तो लवकर खवट होतो. जवसाचेच तेल चित्रकार रंगात मिसळतात, कारण हवेत ते या बंधांमुळे एकमेकांत गुंतून घट्ट पापुद्रा धरते. चित्र टिकवणारा हाच गुण बाटलीत मात्र दोष ठरतो. लहान, गडद काचेची बाटली आणा, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, आणि उघडल्यानंतर महिना-दीड महिन्यात संपवा. चमच्यात ओतल्यावर ताज्या जवसाचा, थोडासा सुक्या मेव्यासारखा वास यायला हवा. त्याऐवजी ओल्या रंगासारखा उग्र वास आला किंवा जिभेला कडवट लागले, तर बाटली अर्धी असली तरी ती टाकून द्या.